एकोणपन्नास सेंटिमीटरची वायर

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, रेडिओ स्कॅनर आणला, पण नुसती खरखर ऐकू येते. महागातला अँटेना मागवू का?" तेव्हा माझा कुकर गॅसवर होता, म्हणून "थांब, काही मागवू नकोस" एवढंच म्हणून फोन ठेवला. आता निवांत लिहायला बसलेय. मापं तोंडी सांगितली की विसरली जातात, आणि या कामात मापच महत्त्वाचं.

तुझ्या सोसायटीच्या गच्चीवर डिशच्या छत्र्यांचं जंगल आहे, पण तुझी दोन हात वायर तिथे चालणार नाही म्हणतात. जाऊ दे, त्यावरून वाद घालू नकोस. मी दूरध्वनी खात्यात ३१ वर्षं केबली जोडल्या आणि संध्याकाळी वाड्याच्या माळ्यावर बसून रेडिओ ऐकला. वाडा पाडून तिथे सिमेंटची इमारत उभी राहिली, तेव्हा माझं ऐकणं निम्म्यावर आलं. माती, लाकूड आणि कौलं लहरींना सहज वाट देतात. स्लॅबमधल्या सळया आणि बाल्कनीवरचा पत्रा देत नाहीत. तेव्हापासून घरात बसूनच ऐकायची सवय लावून घेतली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: निम्मं काम घराला गप्प बसवण्याचं आहे. अँटेना त्यानंतर.

म्हणून वायर कापायच्या आधी एका रविवारी दुपारी तासभर काढ. जेवणं होऊन सगळे लवंडले असतील अशी वेळ बघ, कारण दिवे-पंखे बंद करायचे आहेत. चार्जर काढून स्कॅनर बॅटरीवर चालव. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास जिथे कुणी बोलत नाही अशी रिकामी जागा लाव, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, पूर्ण उघड आणि मोड एएमवर ने. ही एएमची खुबी कुणी सांगत नाही. एफएमवर रिकामा पट्टा कायम सारखाच शूं करतो, घरात कितीही घाण असो. एएमवर मात्र प्रत्येक घाणीचा स्वतःचा सूर ऐकू येतो. चार्जरची गुणगुण वेगळी, दिव्याची भणभण वेगळी, राउटरची टिकटिक वेगळी. मग मीटरच्या बोर्डाशी कुणाला तरी उभं कर आणि एकेक एमसीबी खाली पाडायला सांग. कोणत्या बटणाला आवाज पडतो ते वहीत लिही. खोली सापडली की त्या खोलीतली एकेक वस्तू प्लगमधून काढून बघ.

माझ्याकडे चोर कुठे सापडला ठाऊक आहे? देवघरात. तुझ्या काकांनी हौसेनं आणलेली ती प्लास्टिकची एलईडी समई, रात्रंदिवस मंद तेवणारी. तिच्या बुडाशी अंगठ्याएवढी सर्किटची पट्टी होती, आणि ती १४० ते १५० मेगाहर्ट्झमध्ये नुसती भुणभुणत होती. स्कॅनर देवघराच्या दाराशी नेला की आवाज फुगायचा, स्वयंपाकघरात आणला की मरायचा. तिच्या जागी पितळेची समई लावली. देवाचीही सोय झाली आणि माझीही. स्वस्तातले एलईडी बल्ब, लॅपटॉपचे बिनमार्क्याचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट टॉप बॉक्स ही सगळी त्याच माळेतली. सगळं बदलायचं नसतं. ऐकायच्या वेळेपुरतं बंद ठेवायचं, आणि जे बंद करता येत नाही त्याच्यापासून अँटेना दूर न्यायचा. राउटर आणि अँटेना यांच्यात निदान दोन मीटर हवेत. राउटरला जोडलेली निळी-पिवळी नेटवर्कची केबलसुद्धा लहरी ओकते, तीही विसरू नकोस.

एखादा चार्जर चालू ठेवणं भागच असेल तर फेराइट बसव. जुन्या मॉनिटरच्या केबलीला टोकाशी जो जाडसर गोळा असतो ना, तोच. काहींचे दोन भाग चिमट्यासारखे उघडतात. चार्जरची वायर त्यातून तीन-चार वेढे देऊन काढ, चार्जरच्या अंगाला जितकं जवळ तितकं चांगलं. नवीन घ्यायची गरज नाही. बुधवारी नाहीतर रविवारी आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात जा, तिथे मेलेल्या मॉनिटरच्या केबली ढिगानं पडलेल्या असतात.

आता अँटेना. तुझ्या स्कॅनरला जी रबरी शेंग आली आहे ती अगदीच टाकाऊ नाही, पण अर्धवट आहे. तिच्यात मोठी वायर स्प्रिंगसारखी गुंडाळून आखूड केलेली असते, आणि अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून स्कॅनरचा डबा आणि तुझा हात वापरला जातो. म्हणूनच टेबलावर ठेवलास की आवाज पडतो आणि हातात घेतलास की सुधारतो. त्यावर फुकटचा उपाय म्हणजे शेपटी. साधी बारीक वायर घे, एका टोकाचं तीन सेंटिमीटर प्लास्टिक सोल आणि ती शेंगेच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूच्या कड्याभोवती घट्ट गुंडाळ. मधल्या पिनेला ती लागता कामा नये. उरलेली वायर खाली सरळ लोंबू दे. लांबी ४९ सेंटिमीटर. एवढं केल्यावर १४५ च्या आसपास बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची तुटक तुटक येणारी वाक्यं सलग येतात की नाही बघ. माझ्याकडे आली होती.

हे ४९ कुठून आलं ते समजून घे, म्हणजे पुन्हा विचारायला नको. ७१२५ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. १४५.८ नं भागलंस की ४८.९. लहरीच्या चौथ्या हिश्शाची ती लांबी, वायरीसाठी पाच टक्के कमी करून. एफएम रेडिओच्या १०० साठी ती ७१ येते. आणि गंमत अशी की ४९ सेंटिमीटरचा हाच तुकडा ४३७ मेगाहर्ट्झलाही चालतो, कारण १४५.८ ची तिप्पट ४३७.४ होते आणि तिथे तोच तुकडा पाऊण लहरीचा ठरतो. एका वायरीत दोन बँड. बाजारात याच गोष्टीला ड्युअल बँड म्हणतात आणि पैसे मोजून घेतात.

शेपटीनं काम भागलं नाही तर डायपोल, म्हणजे दोन वायरींचा अँटेना, कर. एका दुपारचं काम आहे. केबलवाल्यानं सोडून दिलेली आरजी-६ कोअ‍ॅक्स चार मीटर पुरे. चांगल्या पदरी तांब्याच्या वायरीचे दोन तुकडे घे, ५२ सेंटिमीटरचे. ४९ नव्हे, ५२. ब्लाउज बेतताना आपण शिलाईत कापड सोडतो ना, तसं. वायर छाटता येते, वाढवता येत नाही; जोडून झाल्यावर दोन्ही छाटून ४९ वर आण.

कोअ‍ॅक्सचं टोक सोलताना सुरी हलक्या हातानं फिरव. बाहेरचं काळं साल निघालं की आत चांदीसारख्या बारीक तारांची जाळी दिसेल, तिच्याखाली चमकता कागद, त्याखाली पांढरा फेस आणि मधोमध ताठ तार. जाळीच्या तारा नखानं मोकळ्या करून एका बाजूला ओढ आणि वळून त्यांची वेणी घाल. एकही केस मधल्या तारेला चिकटलेला राहू देऊ नकोस. एका केसानं अँटेना मुका होतो, आणि आपण दोन दिवस स्कॅनरला शिव्या घालत बसतो. मी बसले होते. या जाळीला डाग द्यायचा प्रयत्नही करू नकोस. ती अ‍ॅल्युमिनियमची असते, कथिल धरत नाही. इलेक्ट्रिशियन पंख्याला लावतात ती स्क्रूची कनेक्टर पट्टी घे, दोन खणांची. एका खणात मधली तार आणि वरची वायर, दुसऱ्यात वेणी आणि खालची वायर. स्क्रू आवळून झाले की हलकंसं ओढून बघ.

ही जोडणी प्लास्टिकच्या केसिंग पट्टीवर उभी बांध, एक वायर वर सरळ, एक खाली सरळ. उभीच का, तेही सांगते. १९७३ साली सिंहगडावरून मुंबईचं दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं, तेव्हा गावभरच्या गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या सिंहगडाकडे तोंड करून आडव्या बसल्या. आडव्या, कारण तिकडून लहर आडवीच यायची. हातातल्या वायरलेस सेटांची आणि त्यांचं बोलणं पुढे पाठवणाऱ्या रिपीटरची लहर उभी असते, म्हणून तुझा डायपोल उभा. आडवा टांगलास तर कानाला ताबडतोब फरक कळेल. एकदा मुद्दाम करून बघ.

कोअ‍ॅक्स जोडणीतून निघाल्यावर अर्धा मीटर तरी काटकोनात बाजूला जाऊ दे, मग खाली सोड. खालच्या वायरीला समांतर चिकटून उतरवलीस की दोन्ही एकमेकींत गुंततात. जोडणीजवळच कोअ‍ॅक्सचे चार-पाच वेढे चहाच्या बशीएवढे गोल करून चिकटपट्टीनं बांध. घरातली घाण कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या अंगावरून सरपटत अँटेनापर्यंत येते, तिला हे वेढे अडवतात. देवघराच्या समईनंतर मला सगळ्यात जास्त फायदा याच वेढ्यांनी दिला. दुसऱ्या टोकाला एफ कनेक्टर आणि त्यावर एफ-टू-बीएनसीची जोडणी लागेल. पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासच्या दुकानांत मिळते. केबल ७५ ओहमची आणि स्कॅनर ५० चा म्हणून कुणी घाबरवलं तर लक्ष देऊ नकोस. नुसतं ऐकण्यासाठी त्यानं काही बिघडत नाही, आणि डायपोल स्वतः ७५ च्याच जवळपास असतो.

एक चूक माझी. जुन्या टू-इन-वनची लांब टेलिस्कोपिक काडी मी रिसीव्हरच्या सॉकेटवर थेट चढवली होती. दिसायला झोकदार. महिनाभरात तिच्या वजनानं आतला डाग सुटला, आणि खरखर का वाढली ते कळायला आणखी पंधरा दिवस गेले. सॉकेटवर वजन द्यायचं नाही. जड काडी भिंतीवर, आणि स्कॅनरपर्यंत मऊ केबल.

आता जागा. इथे भरपूर वेळ दे, कारण मी तुझं घर बघितलंय. तुझ्या हॉलच्या काचांना उन्हासाठी चंदेरी फिल्म लावलेली आहे. त्या फिल्ममध्ये धातूचा पातळ थर असतो. त्या खिडकीसमोर अँटेना लावणं म्हणजे आरशाला पाठ टेकून बसणं. बेडरूमची खिडकी, जिच्यातून वेताळ टेकडी दिसते, तिला फिल्म नाही, पण डासांची जाळी आहे. ती नायलॉनची असेल तर चिंता नाही, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सरकवून ठेव. ग्रिलच्या उभ्या गजांना अँटेना चिकटवू नकोस, निदान दीड हात आत घे. पडद्याचा स्टीलचा दांडाही तसाच. आणि गोदरेजच्या कपाटामागे तर मुळीच नको, जागा कितीही लपती असली तरी.

पण हे सगळं वाचून जागा ठरवू नकोस. अँटेना लावलेली पट्टी हातात धर, सतत चालू असलेलं एखादं स्टेशन लाव आणि खोलीत फिर. घरात लहर भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःलाच छेदते. या बँडवर एका जागी आवाज पार बुडालेला असतो आणि तिथून हात-दीड हातावर तो खणखणीत येतो. म्हणून इंच इंच सरक. शिवाय फिरताना तुझं अंगही आड येतं, तेव्हा चांगली जागा सापडल्यावर पट्टी तिथे टेकवून बाजूला हो आणि पुन्हा ऐक. मगच खिळा ठोक. माझी जागा शेवटी पेलमेटच्या डाव्या कोपऱ्यात निघाली, जिथे सुरुवातीला बघायचं मनातही आलं नव्हतं.

अँटेना सुधारला की नवीन दुखणं येतं. १४५ वर हॅमचं बोलणं चालू असताना मागे हिंदी गाणं वाजायला लागतं. पुण्यात विविध भारतीचं १०१ आणि खाजगी एफएम स्टेशनं इतकी जोरात आहेत की स्वस्त रिसीव्हर त्यांनी गुदमरतो. लोकांना वाटतं अँटेना बिघडला. तो उलट जास्तच चांगला झालेला असतो. स्कॅनरवर अ‍ॅटेन्युएटरचं बटण असेल तर आधी ते दाब. त्यानं भागलं नाही तर माझी आवडती युक्ती.

जुन्या बाजारात पूर्वीच्या ऑफिसांतल्या कॉम्प्युटर नेटवर्कचे बीएनसीचे टी मिळतात, इंग्रजी टी अक्षरासारखे, आणि त्यांच्याबरोबर आरजी-५८ ची काळी केबल. टी स्कॅनरवर लाव, एका तोंडाला अँटेना, दुसऱ्या तोंडाला आरजी-५८ चा नुसता तुकडा, ज्याचं पलीकडचं टोक कशालाही जोडलेलं नाही. जाळी आणि मधली तार एकमेकींना लागलेल्या नकोत. केबलीच्या आत लहर हवेतल्यापेक्षा हळू चालते, या केबलीत प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ६६ टक्के. म्हणून १०१ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा त्यात किती लांबीत बसतो? ४९ सेंटिमीटरमध्ये. पुन्हा तेच माप, निव्वळ योगायोगानं. हा तुकडा १०१ ला तोंडातच दाबून टाकतो आणि १४५ ला जवळपास धक्का लावत नाही. सुरुवात ५५ पासून कर आणि अर्धा अर्धा सेंटिमीटर छाटत जा. दाबाची जागा हळूहळू वर सरकते. आधी खालच्या आकड्यांवरची स्टेशनं बसतील, मग वरची. जे गाणं तुला छळतंय ते विझलं की कात्री ठेव. फेसाच्या केबलीनं केलंस तर माप वेगळं निघेल, त्यात लहर जास्त वेगानं जाते.

हे सगळं जमलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐक. त्यावरच्या हॅम रेडिओचं १४५.८०० वर खाली बोलणं येतं. कधी शाळेतल्या मुलांशी अंतराळवीर बोलतात, कधी काही दिवस चित्रं पाठवतात, जी कानाला पक्ष्यांच्या किलबिलाटासारखी लागतात आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ओळीओळीनं उमटतात. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर असतं, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं आणि आपल्या आकाशातून जेमतेम दहा मिनिटांत निघून जातं. तुला वाटेल डोक्यावरून गेलं की सर्वांत छान. गच्चीवर असतीस तर खरं होतं. घरात डोक्यावर तुझ्या वरच्या मजल्यांचे स्लॅब आहेत. तू बेडरूमच्या खिडकीतून जेवढं आकाश दिसतं तेवढ्यातून जाणाऱ्या फेऱ्या निवड, क्षितिजापासून वीस ते चाळीस अंश उंचीच्या. त्या वेळी डायपोल थोडा तिरका करून बघ, कारण वरून येणारी लहर उभी-आडवी बदलत राहते. १४५ वर आकडा हलवायची गरज नाही. स्थानकाचंच ४३७.८०० वरचं बोलणं ऐकायचं झालं तर स्थानक जवळ येत असताना १० किलोहर्ट्झ वर लाव आणि दूर जाताना १० खाली. रेल्वेच्या शिट्टीचा सूर जवळ येताना आणि लांब जाताना बदलतो, तेच कारण.

तुझ्या डबड्यात बोलायचं बटण नाही हे एका अर्थी बरं. परीक्षा देऊन हॅमचा परवाना हातात येईपर्यंत कुठलंही बोलणारं यंत्र चालू करायचं नाही, मित्राचं असलं तरी. पोलिसांच्या, विमानतळाच्या बोलण्यावरही कान टाकायचा नाही. स्कॅन करताना अडखळलीस तर ती जागा लॉकआउट करून पुढे जा. माझ्या तरुणपणी साध्या रेडिओलाही पोस्टात जाऊन परवाना घ्यावा लागायचा, त्यामुळे या बाबतीत मी जरा सोवळी आहे.

आणखी दोन गोष्टी, आणि त्या मस्करीनं घ्यायच्या नाहीत. खिडकीबाहेर वायर सोडायची नाही, अगदी "थोडीशीच" म्हणूनही नाही. विजेच्या तारा कुठून गेल्यात ते आपल्याला वरून दिसत नाही. वळवाचे ढग गडगडायला लागले की अँटेना स्कॅनरवरून काढून ठेवायचा, घरातला असला तरी. दुसरं, घरातल्या वायरिंगच्या न्यूट्रलला किंवा नळाला अँटेना जोडायची जुनी युक्ती कुणी सांगितली तर हात जोड. मी विशीत असताना एका व्हॉल्व्हच्या सेटची चासी पुसायला गेले. तो ट्रान्सफॉर्मर नसलेला सेट होता, त्यात चासी थेट मेन्सच्या एका वायरीलाच जोडलेली असते. प्लग उलटा बसला होता. भिंतीवर आपटले आणि आठवडाभर उजव्या हाताची दोन बोटं बधिर होती. तुझ्या आजोबांनी तो सेट दुसऱ्याच दिवशी विकला.

एफ-टू-बीएनसी जोडण्या माझ्याकडे दोन आहेत, एक तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. शनिवारी तुझी आई येणार आहे, तिच्याबरोबर ती, बशीएवढे वेढे दिलेली तयार कोअ‍ॅक्स आणि माझी लाल मुठीची पक्कड पाठवते. पक्कड मात्र परत हवी. मागची निळी अजून तुझ्या बाबांकडेच आहे, आणि ते म्हणतात की त्यांनी ती कधी नेलीच नाही.